वखारीच्या मागचा कोनाडा

भिंतींना कान असतात, असं आपले वाडवडील म्हणत. त्यांचा अंदाज थोडक्यात चुकला. भिंतींना असतं ते नाक! ही गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध झाली, वर्तमानपत्रांत छापून आली, आणि कोकणच्या किनाऱ्यावर एकच पळापळ झाली.

ज्यांची घरं जुनी, चुन्याच्या गिलाव्याची, त्यांच्यात दोन तट पडले. एका तटाने हौसेने संशोधकांना घरी बोलावलं. दुसऱ्याने घाईघाईने भिंती खरवडून वर सिमेंट थापलं. आणि कुणी नेमकी कुठली खोली खरवडली यावरून गावाला जे कळायचं ते यंत्राशिवायच कळलं. एका खोतांच्या वारसांनी सबंध घर सोडून एकटी माडी खरवडली, तेव्हा पंचक्रोशी पोट धरून हसली. सोयरीक जुळवताना 'मुलगा काय करतो' याच्या बरोबरीने 'घर चुन्याचं की सिमेंटचं' हेही विचारलं जाऊ लागलं. सिमेंटचं म्हटलं की दोन्हीकडची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकत.

या शास्त्राचं नाव गंधवाचन. वायंगबंदर गावात ते जरा उशिरा पोचलं. तिथे सगळंच उशिरा पोचतं, त्यात नवल काही नाही. पण पोचलं ते थेट टोपीकरांच्या वखारीत.

वखार म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांची कोठी: खाली मिरी-सुपारीचं गोदाम, वर राहायच्या खोल्या, भोवती जांभ्या दगडाचा तट. साडेतीनशे वर्षांपूर्वी टोप्या घातलेले गोरे लोक खाडीच्या तोंडाशी उतरले आणि त्यांनी ती बांधली. ते नक्की कुठल्या देशाचे यावर गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांना पुरावा नाही. आता तिथे एक कमान, अर्धा तट, आणि पिंपरणीच्या मुळांनी कवटाळून धरलेली मागची भिंत एवढंच उरलंय. ते बघायला पर्यटक येतात, आणि त्यांना ते दाखवतात भामाकाकी गिरप.

भामाकाकींचं पाळण्यातलं नाव सत्यभामा. वय साठीच्या पुढे, आवाज खाडीपलीकडे पोचणारा. कमानीशेजारी त्यांचं चहा-घावण्यांचं दुकान. गिऱ्हाईक घावणा खाता खाता गोष्टीत अडकलं की काकी पदर खोचून उठत.

"ह्या बघा म्होरला दार," त्या सांगायला लागत. "टोपीकर माजले, मेले. बंदरात येयत त्या होडीतली अर्धी सुपारी आमका द्या म्हणूक लागले. मगे गावान काय केल्यान? पावसाळो येवची वाट बघल्यान. पावसाळ्यात दर्या बंद. तेंचा जहाज येवचा नाय. आणि मगे घातल्यानी वेढो! तांदळाचो दाणो नाय, माशाचो काटो नाय, नारळाची करटी सुद्दा भुतूर जावक दिल्यानी नाय. कार्तिकात पयला जहाज इला तेवा टोपीकर हाडां मोजून घेव्यात असे भायर पडले, आणि गेले ते गेलेच!"

या विजयाची आठवण म्हणून कार्तिकी पुनवेनंतरच्या पहिल्या बुधवारी 'ताटफिरवणी' होते. बुधवार अशासाठी, की मासे खायला वाराची आडकाठी नको. भात, बांगड्याची तिरफळं घातलेली आमटी, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी असं भरलं ताट वाजतगाजत कमानीपर्यंत न्यायचं, आत दाखवायचं, "टोपीकरानू, वास घेवा आणि उपाशी ऱ्हवा!" अशी आरोळी ठोकायची, आणि ताट तसंच फिरवून परत आणायचं. मग सगळा गाव जेवतो.

ताट नेण्याचा मान गिरपांचा, कारण पुढच्या दारावर पहारा दिला तो त्यांच्या विसू गिरपाने. कुबलवाडीचं म्हणणं, छट्, पुढच्या दारावर होता आमचा रामा कुबल. विसू गिरप मागे पिंपरणीखाली झोपला होता. या एका मुद्द्यावरून गिरप आणि कुबल एकमेकांकडे पाणीही पीत नाहीत. गिरपांच्या बाजूने भांडायला भामाकाकी आणि कुबलांच्या बाजूने दाजी कुबल. ग्रामसभेत दोघं समोरासमोर आले की सरपंच आपला चष्मा काढून खिशात ठेवतात.

आणि म्हणूनच डॉ. शार्दूल मेश्राम यंत्राची पेटी घेऊन एसटीतून उतरले, तेव्हा गावाला वाटलं, चला, आता एकदाचा निकाल लागणार.

डॉ. मेश्राम भंडाऱ्याकडचे. तरुण, बारीक, आणि आपल्या शास्त्राविषयी बोलायला लागले की समोरचा चहा गार करणारे. पहिल्याच दिवशी भामाकाकींनी त्यांना घावणे वाढले आणि सरळ विचारलं, "डॉक्टरानू, वास म्हंजे वारो. आत्ता असा, मगे नाय. साडेतीनशे वर्सां तो भिंतीत कसो ऱ्हवात?"

"काकी, चुना वाळतो कशाने?"

"उन्हान."

"उन्हाने नुसतं पाणी उडतं. चुन्याचा दगड होतो तो हवेने. आपण सोडलेल्या श्वासातला कर्बवायू तो पितो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. महिनोन्महिने पीत राहतो. आणि बाप्पा, गाळून पीत नाही! हवेत जे काही असेल, फोडणीचा धूर, घाम, अत्तर, ओलं लाकूड, त्याचे कण आत घेतो आणि वरून दगडाचं झाकण लावतो."

"म्हंजे लोणच्याची बरणी."

"अगदी बरणी! त्यात हे टोपीकर स्वच्छतेचे भोक्ते. दर वर्षी पावसाआधी भिंतीला सफेदीचा हात मारत. प्रत्येक हाताचा एक पापुद्रा. आम्ही त्याला गंधपापुद्रा म्हणतो. एक पापुद्रा म्हणजे एक साल. वेढ्याच्या सालचा पापुद्रा सापडला की पहाऱ्याला कोण होतं ते कळेल."

"तां कसा कळतला? वासार नाव लिवलेला असता?"

"जवळजवळ. बाळाला आई वासावरून ओळखते की नाही? प्रत्येकाच्या अंगाला स्वतःचा गंध असतो आणि त्यातला काही भाग आईबापांकडून येतो. हा झाला वंशगंध. पिढ्यांनुसार तो पातळ होतो, पण तुमच्याकडे सोयरिकी चार वाड्यांतच होत आल्या, त्यामुळे टिकलाय. मी आज सगळ्या गावाला कापूस वाटणार आहे. तो दिवसभर बगलेत धरायचा आणि मला आणून द्यायचा."

पुढचे दोन दिवस वायंगबंदर एक हात अंगाला चिकटवून हिंडत होतं. मासे विकणाऱ्या बायका डाव्या हाताने तराजू धरत होत्या. भटजींनी एका हाताने आरती केली. 'कापूस पडलो!' असं कुणी ओरडलं की अख्खा नाका खाली वाकत होता.

"फक्त एक अडचण आहे," डॉक्टर म्हणाले होते. "वाचायचं म्हणजे पापुद्रा तापवायचा. झाकण उघडतं, वास बाहेर येतो, यंत्र तो ओळखतं, आपल्यालाही घेता येतो. आणि मग तो गेला. एक तुकडा एकदाच. पुढच्या दाराचा गिलावा पावसाने कधीच धुऊन नेलाय. नीट उरलाय तो फक्त मागच्या दाराशेजारी, भिंतीतल्या कोनाड्यात."

घावणा उलटता उलटता भामाकाकींचा हात थबकला. "मागच्या कोनाड्यात?"

"हो ना. मुळांनी झाकल्यामुळे वाचला. वरती गेल्या वर्षीच्या डागडुजीचा नवा चुना आहे, त्याच्याखाली सगळे जुने थर."

"आणि... तो नवो चुनो? तो पण पिता?"

"तोच तर सगळ्यात जास्त! कच्चा आहे ना अजून."

काकींनी घावणा तव्यावर ठेवला तो करपेपर्यंत उचलला नाही.

त्याचं कारण असं. लग्न होऊन आल्यावर सासूने भामाकाकींना ताटफिरवणीचा सगळा विधी शिकवला होता, आणि शेवटी हळूच एक गोष्ट सांगितली होती: ताट परत आणताना त्यातली एक भाकरी मागच्या कोनाड्यात ठेवायची. ठेवायची आणि मागे वळून बघायचं नाही. "कोणासाठी?" असं नव्या सुनेने विचारलं तेव्हा सासू म्हणाली, "टोपीकरांच्या भुताक. गप ऱ्हव." काकींनी इतकी वर्षं तो नेम पाळला. मग एका ताटफिरवणीला भाकरी ठेवून निघाल्या आणि छत्री विसरली म्हणून परतल्या, तर भूत भाकरी खात होतं. भुताचं नाव दाजी कुबल.

दाजींची बायको त्याच वर्षी वारली होती. मुलगे दोन्ही मस्कतला. पेज शिजवून लोणच्याशी खातो, असं कोळणी सांगत. पण कुणाच्या दारी जेवायला जाईल तर तो दाजी कसला? काकी झाडाआड उभ्या राहिल्या आणि छत्री न घेता घरी आल्या. पुढच्या बुधवारी त्यांनी कोनाड्यात डबा ठेवला. बांगड्याची आमटी, दोन भाकऱ्या. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून जागेवर, आणि आत मूठभर काजू. मग रविवारीही डबा जाऊ लागला, मग एक दिवसाआड. कधी कोकमं यायची, कधी जायफळ. चार वर्षांत त्यावर दोघांत एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. उलट ग्रामसभेत दोघं जास्तच कडाडून भांडत. परवाच काकी म्हणाल्या होत्या, "शिरां पडो तुज्या तोंडार!" आणि घरी जाऊन त्याच तोंडासाठी तिरफळं भिजत घातली होती.

कोनाड्यात कधीकधी दुसरंही काही दिसायचं. केळीच्या पानात बांधलेले तांदूळ, लहान मुलाच्या खोकल्याचं औषध, एकदा बाळाचं झबलं. ते काकींचं नव्हतं आणि दाजींचंही नसावं. कुणाचं, कुणासाठी, हे काकींनी कधी विचारलं नाही. मागे वळून बघायचं नाही म्हणजे नाही.

आता मात्र गाठ यंत्राशी होती. हे उघडं पडलं तर गिरपांची मानकरीण कुबलाला जेवू घालते म्हणून गिरपवाडी तिच्या हातून ताट काढून घेईल, हे उघडच होतं. पण काकींना त्याहून वेगळीच काळजी लागली. यंत्र गावात आलं त्या दिवसापासून डबा जागचा हलला नव्हता. आमटी विटली, भाकरीला मुंग्या लागल्या. दाजींनाही कळलं होतं, की चुना पितो. ग्रामसभेला ते आले ते सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडलेली. "वाचन झालाच पायजे!" असं टेबलावर हात आपटून म्हणाले खरे, पण हातात जोर नव्हता.

'मरात मेलो, पण येवचो नाय,' काकी स्वतःशी पुटपुटल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं त्याचा राग येऊन त्यांनी नाक शिंकरलं.

ताटफिरवणीच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी चाचणी घेतली. कोनाड्यातला नखाएवढा तुकडा काढला आणि एकेक पापुद्रा सुटा केला. काकी चहा घेऊन गेल्या, तेव्हा डॉक्टर जमिनीवर मांडी घालून, डोकं धरून बसले होते.

"काय झाला?"

"काकी, यंत्र बिघडलं. सगळ्यात वरचा नवा थर वाचला, तर त्यात तिरफळं, नारळ, बांगडा. आणि वंशगंध कुणाचा? तुमचा! आणि दाजी कुबलांचा! तुम्ही मला रोज जेवू घालता, त्याचाच वास यंत्रात शिरला असणार. तुमच्या दोघांचा कापूसही मी पहिल्यांदा तपासला होता. आणखीही पुसट गंध आहेत चार-पाच, पण यंत्रच खोटं बोलायला लागल्यावर ते काय मोजायचे? मग यंत्र धुतलं, पुसलं, नव्या चुन्याला लागून असलेला सगळ्यात शेवटचा जुना थर घातला. वेढ्याच्या सालचा. भुकेल्या माणसांच्या खोलीला कसला वास असेल? कुबट, आजारी. पण नाही! पुन्हा तेच. तिरफळं, नारळ, बांगडा, चुलीचा धूर. आणि बायकांचे गंध. गिरपांच्या घरातली, कुबलांच्या घरातली, मोंडकर, खवणेकर... गावातलं एक घर सुटलेलं नाही. उद्या सगळ्यांसमोर सांगावं लागणार, की यंत्र नापास."

त्यांनी रबरी मुखवटा पुढे केला. "घ्या, खालच्या जुन्या थराचा वास जरा उरलाय. बघा तुम्हीच."

काकींनी मुखवटा नाकाला लावला. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी भाजून वाटलेला नारळ, ठेचलेली तिरफळं, आणि किंचित करपलेली तांदळाची भाकरी. घाईत केली की करपते तशी. लपूनछपून करणारीला घाई असणारच.

काकींनी मुखवटा खाली ठेवला. मग त्यांच्या पोटातून हसू उसळलं ते थांबेचना. हसता हसता त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. डॉक्टर घाबरून पाणी शोधायला लागले.

काय झालं होतं, ते काकींना स्वच्छ दिसत होतं. पुढच्या दारावर मिशीला पीळ देऊन पुरुष वेढा घालून बसलेले, आणि मागच्या दाराने त्यांच्याच बायका, एकीचं दुसरीला कळू न देता, पदराखाली भाकऱ्या नेताहेत! सगळ्या गावाने मिळून गावालाच फसवलं होतं. ती भुताची भाकरी दुसरं काय होती?

यंत्र खरं बोलतंय, असं सांगू शकणारी माणसं मात्र पृथ्वीवर दोनच होती, आणि त्यातले दाजी मेले तरी तोंड उघडणार नव्हते. काकी गप्प राहिल्या असत्या, तर यंत्र नापास, वेढ्याची गोष्ट शाबूत, ताटाचा मान शाबूत, आणि नव्या थरातलं गुपितही शाबूत. नुसतं गप्प बसायचं होतं. पण डॉक्टर यंत्र घेऊन गेले म्हणून चुन्याचं नाक थोडंच कापलं जाणार होतं? दाजी पुन्हा कोनाड्याकडे फिरकणार नव्हते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"झिला," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तुजा यंत्र बिघडूक नाय. वरचो थर खरो असा. माका म्हायत असा." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी तोंडाचा आ केला. "म्हणजे खालचाही खरा! काकी, हे केवढं मोठं... पण मी हे उद्या सांगू कसं? वरचा थर सांगितल्याशिवाय खालचा कुणी मानणार नाही."

"उद्या बघूया. तू तुजी पेटी घेवन ये."

बुधवारी कमानीपुढे ही गर्दी! ढोल वाजले, भामाकाकी हिरवं नऊवारी लुगडं नेसून ताट घेऊन आल्या. डॉक्टर यंत्र मांडून बाजूला उभे. कुबलवाडीच्या पुढे दाजी, सैल कॉलर, हातात काठी. ती काठी पूर्वी नसायची.

काकी कमानीपाशी थांबल्या. ताट आत दाखवलं. आरोळीसाठी सगळ्यांनी कान टवकारले.

"टोपीकरानू, वास घेवा आणि..."

काकींनी ताट फिरवलं, पण गावाकडे नाही. त्या तरातरा चालत गेल्या आणि दाजी कुबलांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"बसा. जेवा."

ढोल आपोआप थांबले. दाजींनी मान ताठ केली. "मी? गिरपांच्या हातचा?"

"मगे च्यार वर्सां खातास ता कोणाच्या हातचा होता?"

कुणीतरी 'गे माझे बाये!' म्हणालं. दाजींनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. दोन्हीकडे अख्खा गाव. त्यांनी काठी बाजूला ठेवली, आणि मग ते तिथेच जांभ्या दगडावर टेकले.

"मीठ कमी असता," ते म्हणाले, आणि भाकरी मोडली.

हशा जो उसळला तो खाडीपलीकडे ऐकू गेला. गिरपवाडीचे चारदोन म्हातारे चिडले, ओरडले, पण त्यांचं ऐकायला कोण मोकळं होतं? त्या गलक्यात डॉक्टरांनी यंत्रात वेढ्याच्या सालचा पापुद्रा घातला आणि पंखा सुरू केला. तिरफळांचा वास गर्दीवर पसरला. तो साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भिंतीतून येतोय की दाजींच्या ताटातून, हे कुणालाही सांगता येईना. डॉक्टर पडद्यावरची नावं वाचू लागले: गिरपांच्या घरातली बाई. कुबलांच्या घरातली बाई. मोंडकर. खवणेकर. रेडकर... प्रत्येक नावागणिक एकेका घरच्या पुरुषांच्या मिशा खाली येत होत्या, आणि बायका पदर तोंडाला लावून खुसखुसत होत्या.

"म्हंजे वेढो घातलो कोणी?" सरपंचांनी विचारलं.

"म्होरल्या दाराक बसलेल्यांनी," काकी म्हणाल्या.

"मगे टोपीकर गेले कित्याक?"

"तिरफळां सोसली नसतीत!"

त्या दिवसापासून दाजी दर बुधवारी भामाकाकींच्या दुकानाच्या बाकावर उजेडात बसून जेवतात आणि मिठाबद्दल कुरकुर करतात. मान कुणाचा, हा वाद मिटला. दोन्ही वाड्यांच्या बायका आता ताट मिळून नेतात, आणि गिरप-कुबल भांडतात ते आमटी कुणाची चांगली यावरून. डॉ. मेश्रामांचं नाव झालं. वखारीला पर्यटक दुप्पट येऊ लागले. कोनाड्याजवळ पाटी लागली, आणि लोक त्यात डोकं घालून फोटो काढतात. गावातलं शेंबडं पोरही आता पाहुण्याला सांगतं, की ह्या कोनाड्यात कोण आला आणि कोण गेला, ता सगळा चुन्याक कळता.

पौषात एकदा काकी कोनाडा झाडायला गेल्या. झाडायला काही नव्हतंच. कोनाडा लख्ख होता. त्या झाडू हातात धरून बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. केळीच्या पानातले तांदूळ नव्हते. औषधाची बाटली नव्हती. ताटफिरवणीनंतर तिथे कुणीच काही ठेवलं नव्हतं, म्हणजे कुणी न्यायलाही येत नव्हतं. ते झबलं कुठल्या बाळाचं होतं? खोकणारं मूल कुठल्या घरातलं? दाजींना त्या ओळखत होत्या, म्हणून ताट उचलून पुढ्यात नेता आलं. पण ज्या आईचं नावच माहीत नाही, तिच्या पुढ्यात ताट न्यायचं कसं?

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"सोपं आहे, काकी!" डॉक्टर उत्साहाने म्हणाले. "ते पुसट गंध, आठवतात ना? नखभर नवा चुना काढून पाठवा. कोण ठेवत होतं, कोण नेत होतं, दोन्ही नावं संध्याकाळपर्यंत सांगतो."

काकींनी नख भिंतीला लावलं. चुना मऊ होता, सहज निघाला असता. पण ज्यांना नाव कळू द्यायचं नव्हतं तीच माणसं मागच्या दाराने येत होती, आणि आता नाव कळलं तर त्यांच्याकडे उरलेला तेवढा एकच आडोसा, तोही जाईल. त्यांनी नख काढून घेतलं. फोनवर डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत होते.

घरी जाऊन त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, घाईत एक करपली. पानात बांधून कोनाड्यात ठेवल्या आणि त्या निघाल्या. वाटेत त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या, तर भाकऱ्या तिथेच होत्या.